लेखणीची परीक्षा

स्पर्धा आणि परीक्षा हे दोन शब्द हल्ली आपल्या बोलण्यात एकमेकांच्या जागी बसू लागले आहेत. शाळेतल्या परीक्षेत पोराचा 'नंबर' विचारतात आणि चढाओढीत मागे पडलेल्यास 'नापास झाला' म्हणतात. संस्कृतात मात्र ही दोन घरे वेगळी आहेत. 'स्पर्ध्' या धातूचा अर्थ चढाओढ करणे, दुसऱ्यास मागे टाकू पाहणे. 'ईक्ष्' म्हणजे पाहणे. त्याच्या मागे 'परि' हा उपसर्ग लागला की सर्व बाजूंनी, फिरवून फिरवून पाहणे असा अर्थ होतो. स्पर्धेला निदान दोघे लागतात, आणि एकाने पुढे जायचे तर दुसऱ्याला मागे राहावेच लागते. परीक्षेला एकच वस्तू पुरते. कुंभाराच्या आव्यातून शंभर मडकी निघाली तर शंभरही पक्की निघू शकतात. शंभर माणसे शर्यतीत धावली तर पहिला येणार एकच. एवढा भेद ध्यानात ठेवून पुढील प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न आम्हांला कोलशेतला विचारला गेला. ठाण्याच्या उत्तरेस खाडीकाठी असलेला हा मूळचा आगरी-कोळी लोकांचा गाव. कोलशेत रस्त्यावर पूर्वी रसायनांचे मोठाले कारखाने होते; त्यांतल्या काहींच्या जागी आता मान वर करून पाहावे लागेल अशा वसाहती उभ्या आहेत. तेथे कीर्तन आटोपल्यावर एक गृहस्थ जवळ येऊन बसले. सारा जन्म त्यांनी कारखान्यात लेथवर लोखंड कातण्यात घालविला. निवृत्त झाल्यावर घराच्या गॅलरीत लहानसा लेथ बसवून ते लाकडाची शाईची पेने करतात. विकत नाहीत, देऊन टाकतात. आळीतले पोर दहावी पास झाले की त्याला एक पेन, शेजारच्या मुलीला नोकरी लागली की तिला एक, असा त्यांचा परिपाठ.

गावातले त्यांचे वडिलोपार्जित घर पाडले, तेव्हा सागाच्या एका खांबाचा वाळवीतून वाचलेला तुकडा त्यांनी जपून ठेवला. चांगल्या रेषेची तीन पेने निघतील एवढेच लाकूड. तीन भावांच्या तीन बिऱ्हाडांत एकेक द्यायचे, असे त्यांनी ठरविले होते. इतक्यात कोणी तरी सांगितले की परदेशात अशा पेनांच्या स्पर्धा असतात, छायाचित्र पाठविले की झाले. ते म्हणाले, "बुवा, नंबर आला तर डोक्यात वारं जाईल, नाही आला तर पुढचं पेन करताना हात कचरेल. आणि एकदा शाई भरली की निबेला डाग पडतो, तो फोटोत उतरतो. म्हणून तिन्ही पेनं तशीच डबीत ठेवलीत. भाऊ विचारतात, झालं का रे पेन? काय सांगू? पाठवू की नको?"

प्रश्न पेनाचा दिसतो, पण तो जो कोणी एखादे काम हौसेने, पोटासाठी नव्हे, करतो त्या प्रत्येकाचा आहे. आपल्याकडे भजनस्पर्धा होतात. तेथे एखादे मंडळ तालमी करून करून पक्के होते, आणि एखादे मंडळ नंबर हुकल्याच्या रुसव्यात फुटून त्याची दोन मंडळे होतात. स्पर्धा तीच, फळ निराळे. तेव्हा स्पर्धा चांगली की वाईट असे एका शब्दात सांगून भागत नाही.

आधी हे काम कसे असते ते पाहू. बोटाहून थोड्या जाड आणि वीतभराहून आखूड अशा लाकडाच्या चौकोनी तुकड्याला मधोमध उभे भोक पाडतात. त्यात पितळेची नळी सरसाने पक्की बसवितात, टोके काटकोनात साफ करतात, आणि तो तुकडा लेथवर चढवून पटाशीने कातत आणतात. तो इतका की शेवटी नळीभोवती मिलिमीटर-दोन मिलिमीटरच लाकूड शिल्लक राहते. मग काचकागद, आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. मग तेल, मेण किंवा लाख. शेवटी निबेचा भाग, टोपण आणि क्लिप दाबून बसवायची. बहुतेक हौशी लोक हे धातूचे भाग तयार आणतात; काही थोडे लोक तेही स्वतः करतात.

या कामात दोष कोठे लपतात ते लक्षात घेण्यासारखे आहे. नळीला सरस एके ठिकाणी कमी पडला तर तेथे पोकळी राहते. बाहेरून काही दिसत नाही, पण हातातून पेन पडले की लाकूड नेमके तेथेच तडकते. लाकूड पुरते वाळले नसता कातले तर आषाढात ते गुळगुळीत दिसते आणि माघात त्याला उभी चीर जाते; कारण लाकूड दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते, आणि तेही रेषेला आडवे अधिक, उभे फार थोडे. सागाच्या अंगात तेल असते, म्हणून सरस लावण्यापूर्वी ते पुसून काढावे लागते. आळस केला तर नळी सुटते. जुन्या खांबात खिळा असेल तर लोखंडाच्या संगतीने भोवतालचा साग काळा पडतो. हा डाग एवढा एकच दोष डोळ्यांना दिसतो, आणि गंमत अशी की वस्तुतः तो दोषच नव्हे. बाकी सारे दोष पोटात असतात.

आता त्या स्पर्धांविषयी. लाकूड कातण्याचा छंद अमेरिकेत फार फोफावला आहे. तेथे 'अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स' ही हौशी आणि धंदेवाईक कातारी मंडळींची संस्था १९८६ साली निघाली. केवळ पेने कातणाऱ्यांचीही निराळी मंडळे आहेत. ती आपल्या सभासदांसाठी स्पर्धा ठेवतात, नवशिक्यांसाठी वेगळी आणि मुरलेल्यांसाठी वेगळी. पेन घरीच राहते, त्याचे छायाचित्र तेवढे जाते, आणि ते पाहून मते दिली जातात. बक्षिसांत पुष्कळदा लाकडाचे तुकडे, हत्यारे, सुटे भाग अशा वस्तू असतात, आणि त्या विकणारे व्यापारीच कित्येकदा त्या देतात. यात वाईट काही नाही. दूरदूरच्या माणसांना एकत्र बसता येत नाही, म्हणून त्यांनी काढलेली ही सोय आहे. पण सोय म्हणजे परीक्षा नव्हे.

येथे एक पक्ष असा की हौसेच्या कामाला स्पर्धा लावूच नये. काम केले, आनंद झाला, फळ मिळाले; आता आणखी कशाचे बक्षीस? स्पर्धा आली की फलाची आशा आली आणि कामातला रस आटला. या पक्षात तथ्य आहे, आणि त्या गृहस्थांच्या डबीतली तीन पेने त्याची साक्ष देतात. पूर्वी त्यांचे उत्तम लाकूड माणसांसाठी होते, आता उत्तम लाकूड छायाचित्रासाठी राहिले आहे. द्यायची वस्तू ठेवायची झाली, यापरते स्पर्धेचे दुसरे नुकसान कोणते?

परंतु दुसरा पक्षही ऐकून घेतला पाहिजे. हौसेने काम करणाऱ्याला खरे कोण सांगतो? ज्याला आपण पेन फुकट दिले तो म्हणणार, 'वा काका, छान आहे.' घरातली माणसे तेच म्हणणार. धंद्यातल्या माणसाला गिऱ्हाईक पैसे परत मागून शिकविते. हौशी माणसाला ते भाग्य नाही. घरच्या कौतुकावर वाढलेले काम दुधावर वाढलेल्या पोरासारखे गुबगुबीत होते, पण त्याला हाड धरत नाही. वीस वर्षे तीच चूक तशीच होत राहते आणि तिलाच माणूस आपली शैली समजू लागतो. ज्याला आपली ओळखपाळख नाही, ज्याने आपल्याकडून काही घेतलेले नाही, असा कोणी तरी आपले काम पाहून 'येथे चुकले' म्हणणारा मिळणे ही मोठी गोष्ट आहे. तेव्हा निकोप काम हवे असेल तर परके डोळे हवेत. आता हे परके डोळे कसे असावेत, एवढेच ठरवायचे राहिले.

कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकात अशा एका स्पर्धेचे चित्र आहे. गणदास आणि हरदत्त हे दोघे नाट्याचार्य. श्रेष्ठ कोण यावर भांडत राजाकडे येतात. निर्णय परिव्राजिकेवर सोपविला जातो. ठरते असे की आचार्यांनी स्वतः नाचून दाखवायचे नाही. ज्याची शिष्या उत्तम नाचेल तो श्रेष्ठ. निकष किती शहाणपणाचा आहे पाहा! गुरूचे गुरुपण त्याच्या अंगात नाही, ते दुसऱ्याच्या अंगात उतरले की नाही ते पाहायचे. पण नाटक जाणणाऱ्यांना ठाऊक आहे की ही स्पर्धा मुळात रचलेली होती. राजाला मालविकेला डोळे भरून पाहायचे होते, म्हणून विदूषकाने ते भांडण पेटविले. मालविकेचे नृत्य झाले, राजाचे काम झाले, आणि मध्याह्न झाली म्हणून हरदत्ताची पाळी पुढे ढकलण्यात आली. बिचारे दोघे आचार्य कलेचा निवाडा होतो आहे असे समजून बसले होते!

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली ही की स्पर्धेत उतरण्यापूर्वी ती कोणी कशासाठी मांडली आहे ते पाहावे. बक्षीस देणाऱ्याचा हेतू माल खपविण्याचा असेल तर तो हेतू ओळखून हसत उतरावे, पण त्याच्या निकालावर आपली किंमत ठरवू नये. दुसरी ही की साधनाची परीक्षा ते ज्याच्यासाठी आहे त्याच्या हातात होते. गुरूची परीक्षा शिष्यात, तशी लेखणीची परीक्षा लिहिणाऱ्याच्या हातात. मिरजेत तानपुरे आणि सतारी करणारे कारागीर आहेत. हा उद्योग तेथे एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे आणि २०२४ साली त्या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथे भोपळा कितीही सुबक आला, नक्षी कितीही सुरेख उतरली, तरी जवारी लागून तार बोलू लागेपर्यंत तानपुरा झाला असे कोणी म्हणत नाही.

आता गोरोबाकाकांची गोष्ट घ्या. तेरला संतमंडळी जमली असता मुक्ताईने थापटण्याकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारले. काका म्हणाले, यानेच मडके कच्चे की पक्के ते कळते. मग आमचीही मडकी पाहा, असे ठरले, आणि काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत ती प्रसिद्ध परीक्षा घेतली. नामदेवराय तेवढे रागावले, आणि मडके कच्चे ठरले. ही कथा आपण शेकडो वेळा ऐकतो, पण तिच्यातली परीक्षेची रीत क्वचितच पाहतो. काकांनी मडके डोळ्यांनी पाहिले नाही, वाजवून पाहिले. पहिला कोण, दुसरा कोण असे लावले नाही. कच्चे आणि पक्के एवढेच सांगितले. ते सांगणारा मनुष्य जन्मभर चिखल तुडविलेला होता. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की कच्चे मडके फोडले गेले नाही. नामदेवराय दुखावले खरे, पण त्या दुखण्यानेच ते विसोबा खेचरांकडे गेले. कच्चे मडके पुन्हा आव्यात घालता येते. परीक्षेचा निकाल म्हणजे वाट दाखविणारी पाटी. तेथे थांबून रडायचेही नाही आणि तेथे गादी घालून बसायचेही नाही.

लेखणीची परीक्षा कशी घ्यावी याचा एक नमुना याच महाराष्ट्रात वर्ध्याला घडलेला आहे. आंध्रातील राजमहेंद्री येथील रत्नम् यांनी स्वदेशी पेन तयार केले. ते लाकडाचे नव्हे, एबोनाइटचे म्हणजे कडक केलेल्या रबराचे, पण लेथवर हाताने कातलेले. ग्रामोद्योग संघाचे कुमारप्पा यांच्या हातून ते गांधीजींकडे पोचले. जुलै १९३५ मध्ये गांधीजींनी रत्नम् यांना वर्ध्याहून पत्र लिहिले. त्यात पेनाबद्दल आभार मानून, आपण ते वापरून पाहिले आणि बाजारातल्या परदेशी पेनांऐवजी ते चांगले चालेल असे वाटते, अशा आशयाचा अभिप्राय दिला. अभिप्राय चार शब्दांचा, पण त्यात 'वापरून पाहिले' हे आधी आणि 'चांगले' हे मागून आले आहे. पेन किती देखणे आहे याविषयी अवाक्षर नाही. दुसऱ्या कोणाच्या पेनापेक्षा रत्नम् यांचे पेन पहिले की दुसरे, हेही नाही. ते ज्या कामासाठी केले त्या कामाला उतरते की नाही, एवढेच पाहिले. याला म्हणावे परीक्षा.

आमच्या पिढीपर्यंत बोरूने कित्ते गिरविणारी माणसे घराघरांत होती. बोरू ज्याचा त्याने तासायचा. टोकाला तिरका छेद किती द्यायचा ते लिहिणाऱ्याच्या मनगटाच्या वळणावर ठरे. थोरल्या भावाचा बोरू धाकट्याला चालत नसे. असे दहा बोरू मांडून यांत उत्तम कोणता असे विचारले असते, तर जाणत्याने एवढेच विचारले असते की लिहिणारा कोण? ज्ञानेश्वरी सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, तुकोबांचे अभंग संताजी जगनाडे आणि गंगाराम मवाळ यांनी लिहून ठेवले, असे आपण मानतो. बोलणाऱ्याचे नाव राहिले, लिहिणाऱ्याचेही राहिले. बोरू कोणी तासला, शाई कोणी घोटली ते कोणी टिपून ठेवले नाही, आणि त्यामुळे त्या बोरूला काही उणेपणा आला नाही. उलट उत्तम लेखणीची खूण अशी की लिहिताना ती आठवतच नाही. निब कुरकुरली, शाई तुटली, बोटाला कड बोचली, म्हणजे लिहिणारा मजकूर सोडून लेखणीकडे पाहतो. स्पर्धेतले पेन मात्र 'माझ्याकडे पाहा' म्हणून केलेले असते. या दोन हेतूंची ओढाताण करणाऱ्याच्या मनात चालू राहते, आणि ती ओळखणे हाच त्याचा विवेक.

गर्वाचे काय, असे कोणी म्हणेल. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि दैव. या पाचांत कर्ता पाचातला एक. पेनापुरते पाहू. ज्याच्या आधारावर काम उभे राहते ते लाकूड आणि तो लेथ हे अधिष्ठान समजा. पटाशी, काचकागद, डोळा, बोटे ही करणे. कातणे, थांबणे, बोट फिरवून पाहणे, पुन्हा कातणे या चेष्टा. आणि दैव? ती लाकडाची रेषा. सागाच्या अंगात प्रत्येक वर्षाचे वलय उमटते. ज्या पावसाने ते वलय रुंद केले तो पाऊस आपल्या जन्माआधीचा. ज्याने झाड तोडले, ज्याने खांब घडविला, ज्या घराने तो इतकी वर्षे कोरडा राखला, ते सगळे त्या रेषेत आहेत. नंबर आला तर तो पाच जणांत वाटावा लागतो. आपल्या वाट्याला पंचमांशच येतो. नंबर आला नाही तर तोही पाच जणांत वाटावा, म्हणजे दुःखही पंचमांशच उरते. मात्र सरस कमी पडला असेल तर तो दोष दैवावर ढकलू नये. तो कर्त्याचा.

त्या गृहस्थांना आम्ही उत्तर दिले ते असे. पेन अवश्य पाठवा. स्पर्धेने हात कचरतो असे नाही. आपण स्वतःला पेनाच्या जागी बसवितो म्हणून कचरतो. तुमचे पेन मागे पडले तर पेन मागे पडले, तुम्ही नव्हे. पण आधी तिन्ही पेनांत शाई भरा. तिघा भावांना त्यांची पेने द्या, त्यांना महिनाभर लिहू द्या, दुधाचा हिशेब का असेना. नंतर त्यांतले एक चार दिवस मागून आणा, छायाचित्र काढा, आणि परत करा. निबेवर शाईचा डाग असेल तर असू द्या. खिळ्याचा काळा डागही झाकू नका. त्या खिळ्याला तुमच्या आजोबांचा कंदील टांगलेला असेल. ज्यांना तो डाग खटकेल ते मत देणार नाहीत. त्यांच्यावर रागावण्याचे कारण नाही, त्यांच्यापुढे चित्रच गेले आहे. भाऊ जर म्हणाला की निब अडते, तर तो निकाल मात्र मनावर घ्या.

या छंदाची माणसे आता आपल्याकडेही दिसतात. ठाण्या-कल्याणाकडे कोणाच्या मनात अशी स्पर्धा भरविण्याचे आले तर तिची परीक्षा करणे अवघड नाही. पेने टेबलावर काचेखाली न मांडता हातोहात फिरवावीत. टोपण दहा वेळा उघडून लावावे. एक पान भरून मजकूर लिहावा, आणि तो तीन निराळ्या हातांनी लिहावा: एक रोज लिहिणारा, एक शाळकरी, एक म्हातारे माणूस. पावसाळ्यात घेतलेले पेन उन्हाळ्यात पुन्हा पाहावे. पहिला-दुसरा लावण्याआधी प्रत्येकाला त्याच्या पेनात काय पक्के आणि काय कच्चे ते बाजूला घेऊन, हळू आवाजात सांगावे. चारचौघांत सांगितलेला दोष माणसाला सुधारीत नाही, हट्टी करतो. परीक्षकाने स्वतः कधी तरी लाकूड तडकविलेले असावे. ज्याने चिखल तुडविला नाही त्याने थापटणे हाती धरू नये.

आणि ज्याला असे पेन कोणी प्रेमाने दिले असेल, त्याचेही एक कर्तव्य आहे. ते कपाटात शोभेला ठेवू नये. त्याने लिहावे. चिरले तर करणाऱ्याला नेऊन दाखवावे, आणि 'छान आहे' एवढेच न म्हणता कोठे चिरले ते सांगावे. करणाऱ्याला घरच्या घरी परके डोळे मिळतील, आणि पुढचे पेन पक्के निघेल.